नागपूरची हवा, कुहीचं पाणी

सदरमध्ये बाबूलाल शेठच्या मोटारींचा अड्डा होता आणि तिथं जागेश्वर कोष्टी चाकांत हवा भरायचा. काम एवढंच. पण ते तो अशा थाटात करायचा, की नव्या ड्रायव्हरला वाटावं हा शेठचा भागीदारच असणार. सकाळी गाड्या निघण्याआधी तो प्रत्येक चाकाशी उकिडवा बसायचा, हवेचं मीटर लावायचा, डोळे बारीक करून आकडा वाचायचा. त्यानं मान हलवली तरच ड्रायव्हरनं गाडीत चढायचं, असा अड्ड्याचा कायदा होऊन बसला होता. कुणी घाई केलीच तर म्हणायचा, "थांब ना गा. गाडी थंडी आहे तवाच खरं बोलते. तापली का खोटं बोलते."

ड्रायव्हर मंडळी त्याची टर उडवत. याच्या लग्नात यानं नवरी पाहण्याआधी वरातीच्या खाचराची, म्हणजे बैलगाडीची, चाकं ठोकून पाहिली असतील, असं म्हणत. जागेश्वर हसायचा आणि पुढच्या चाकाकडे सरकायचा. हसताना त्याच्या वरच्या दोन पडलेल्या दातांची जागा दिसायची.

मात्र संध्याकाळी कुहीची मुक्कामी गाडी निघायची, तेव्हा कुणी काही बोलत नसे. त्या गाडीचं पुढचं डावं चाक तो सगळ्यांत शेवटी घ्यायचा. त्यात नेमापेक्षा दोन पौंड हवा जास्त भरायचा. दुसऱ्या कुणाला पंपाला हात लावू द्यायचा नाही. नियमाचा एवढा कडक माणूस, आणि रोज स्वतःच दोन पौंडांचा नियम मोडायचा! आता हे काय गौडबंगाल, ते सांगायचं तर मागं जावं लागेल. आणि जागेश्वरच्या आयुष्यात मागं गेलं की आधी हातमाग लागतो.

पाचपावलीत त्याचं घर. घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत खड्डा खणून बसवलेला माग. माणसं मागाच्या कडेनं राहायची. बायको गोदूबाई तापानं गेली तेव्हा लेक रुख्मिणी परकराच्या वयाची होती. आई गेली आणि पोरगी रहाटाशी बसली. सुताच्या कांड्या भरून द्यायच्या, बाप विणायचा. दोघांना फारसं बोलावं लागत नसे. धोट्यातली कांडी संपत आली की रुख्मिणी न सांगता दुसरी पुढं करायची.

नागपूरचा वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. दुपारी हवेतला ओलावा असा उडून जातो, की मागावरचा ताणा तारेसारखा कडक होतो आणि सूत पटापट तुटू लागतं. म्हणून कोष्टी लोक जमिनीवर पाणी शिंपडत, दाराला ओलं पोतं लावत आणि दुपारी ताणा थोडा सैल करत. कधी करायचा, किती करायचा, हे बोटाला कळायचं. रुख्मिणी जाता-येता ताण्यावर बोट मारायची आणि म्हणायची, "बाबाजी, कडक झाला." जागेश्वर लगेच सैल करायचा. पोरीचं बोट कधी चुकलं नाही.

तिचं लग्न कुहीला झालं. घर कोष्ट्यांचंच, पण माग सोडून धानाच्या शेतीला लागलेलं. खाऊनपिऊन सुखी. सासरा ईश्वरदास शब्दाचा पक्का, थोडा तिरसट. नवरा गरीब गाय. तक्रारीला जागा नव्हती. पण आई नसलेल्या पोरीला माहेर कसलं? रोवणी आली की सुनेला सवड नाही. दिवाळीला धान कापणीला आलेलं, तेव्हाही सवड नाही. मग चुरणे, म्हणजे धानाची मळणी. मग सासूचे गुडघे धरायचे. धानाच्या घरात सुनेला रिकामा महिना नसतो, आणि "माझ्या पोरीला पाठवा हो" म्हणून पाठीस लागणारी आईही इथं नव्हती. बाप एकदा बोलायचा आणि गप्प बसायचा.

इकडे मागावर बसलेला जागेश्वर कांडी संपली की हात पुढं करायचा. "रुखमे, कांडी." हात तसाच राहायचा. असं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. शेजारणीनं कांड्या भरून द्यायचं कबूल केलं होतं, भरूनही दिल्या. पण कांडी मिळणं वेगळं आणि हात पुढं केल्यावर मिळणं वेगळं. त्याचं विणण्यातून मन उडालं. पातळाच्या काठात चुका होऊ लागल्या. चांगल्या कोष्ट्याला आपल्या हातची चूक पाहणं म्हणजे जिवंतपणी मरण.

स्वातंत्र्य येऊन दोनेक वर्षं झाली होती. शेजारचा रुपराव बाबूलाल शेठच्या कुहीच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. त्याला क्लीनर हवा होता. सहज ओट्यावर बसून तो हे सांगत होता. जागेश्वरनं पगार विचारला नाही, काम विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "कुहीले मोटार किती वेळ थांबते गा?"

"दुपारी घंटा-दीड घंटा. मी जेवतो, जरा लवंडतो, मंग वापस."

"मी येतो," जागेश्वर म्हणाला.

पाचपावलीत चर्चा झाली. कोष्ट्याचा पोर माग सोडून मोटार पुसायला गेला! म्हणेनात का. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावलाय?

कुहीला मोटार सरकारी विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली उभी राहायची. मोटार आली की भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की रुख्मिणी घागर आणि बादली घेऊन विहिरीवर यायची. सुनेनं पाण्याला जाण्यात कुणाला काही म्हणता येत नव्हतं. पण बापानं लेकीच्या सासरच्या गावात, चारचौघांत, तिच्याशी नुसतं बोलत उभं राहणंही बरं दिसेना. मग जागेश्वरनं हाताला काम शोधलं. टॉमी नावाची जाड लोखंडी सळई घेऊन तो चाकं ठोकत फिरायचा. ठोकलं की हवा भरलेलं चाक टणक वाजतं, बसलेलं चाक मेल्यासारखं वाजतं. एका चाकाशी बसून सासू कशी आहे ते विचारायचं, दुसऱ्याशी बसून पाचपावलीतल्या बातम्या सांगायच्या. चाकं सहा होती आणि त्याला ती कमीच वाटायची. कधी कधी तो पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचा.

रुपराव झाडाखालून ओरडायचा, "इतकी तपासणी तं डाक्टर पेशंटची नाई करत गा."

आणखी एक गोष्ट होती. जागेश्वरच्या लोकांत अशी रीत, की लेकीची कूस उजवेपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. रुख्मिणीची कूस अजून उजवली नव्हती. जागेश्वर रीतीला धरून होता. मोटारीच्या दांडीला त्याची छागल लटकवलेली असायची, जाड कापडाची पाण्याची पिशवी. ती तो पाचपावलीच्या विहिरीवर भरून आणायचा आणि दिवसभर तेच पाणी प्यायचा. रुख्मिणी बापाला पाणी देऊ शकत नव्हती, म्हणून ती मोटारीला द्यायची. तापलेल्या रेडिएटरमध्ये बादलीभर पाणी ओतायची. ओतताना असं सावकाश ओतायची, की पाहुण्याला ताटात वाढते आहे असं वाटावं. मग छागलीचं तोंड सोडून घरच्या विहिरीचं पाणी घटाघटा प्यायची. मागं सरकारी विहीर भरलेली असताना.

विहिरीवरच्या बायांनी एकदा तिला विचारलं, तुझं माहेर कुठलं वं? ती म्हणाली, "माझं माहेर दुपारच्या मोटारीनं येते, अन् दुपारच्याच मोटारीनं जाते." जागेश्वरनं ते ऐकलं. तो तेव्हा मागच्या चाकाशी होता. ठोकून झालेलं ते चाक त्यानं पुन्हा ठोकलं.

असं एक वर्ष गेलं. मग वैशाख तोंडावर आला.

त्या दुपारी मोटार तापून आली होती. पुढचं डावं चाक उन्हाच्या बाजूला होतं. जागेश्वरनं टॉमी मारली तर चाक घंटेसारखं वाजलं. रुख्मिणीनं हात लावून पाहिला आणि झटकन मागं घेतला.

"बाबाजी, हे तं वैशाखातल्या ताण्यावाणी कडक झालं. सैल करा ना. नाई तं तुटन."

अड्ड्यावरच्या ताराचंद मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी जागेश्वरला सांगितलं होतं, हवा पाहायची ती सकाळी, गाडी थंड असताना, मीटर लावून. पण मीटर शेठच्या कपाटात असायचं आणि शेठ उठेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसायचा. शिवाय जागेश्वरचा आपल्या बोटावर आणि कानावर भरवसा होता. सगळी हयात ताण ओळखण्यात गेलेली. त्यात काचेचं मीटर काय आपल्याला शिकवणार? आणि आता तर रुख्मिणीचं बोट सांगत होतं. ते बोट कधी चुकलं होतं?

त्यानं वाल्वची टोपी काढली आणि नखानं दाबून हवा सोडली. सूं करून आवाज झाला. कडुलिंबाखाली झळा येत होत्या आणि त्या झळांमध्ये चाकातून निघालेली ती बारीकशी धार हाताला थंडगार लागली. रुख्मिणीनं तळहात पुढं केला. मग वाकून गाल पुढं केला.

"कुठं भरली होती ही?"

"सकाळी. सदरले. मीच भरली पंपानं."

"म्हणजे नागपूरची हवा," ती म्हणाली आणि डोळे मिटून तशीच राहिली.

आता सांगा, कोणता बाप दुसऱ्या दिवशी ती टोपी काढणार नाही? दुसऱ्या दिवशीही काढली, तिसऱ्या दिवशीही. चाक कडक झालं आहे हे निमित्त रोज खरंच असायचं, कारण ऊन रोजच होतं. संध्याकाळी गाडी सदरला पोचायची, गार व्हायची, आणि डावं चाक बसल्यासारखं दिसायचं. सकाळी जागेश्वर पंप मारून ते उभं करायचा, कानानं ठोकून पाहायचा. बरं वाजलं की झालं.

रुपराव एकदा म्हणाला, "गाडी डावीकडे ओढून राहिली गा. त्या चाकाचा वाल्व पाहून घे." जागेश्वर म्हणाला, पाहतो. त्यानं पाहिलंही. वाल्वमध्ये काही नव्हतं. चाक कशानं रिकामं होतं ते त्याला ठाऊक होतं, पण ते रुपरावला सांगण्यासारखं वाटलं नाही. त्यात सांगण्यासारखं आहेच काय, असंही वाटलं. ताणा सैल केला, एवढंच.

आणि त्याच आठवड्यात देव पावला. ईश्वरदासांना नागपूरला कचेरीचं काम निघालं. ते स्वतः म्हणाले, सुनेला अक्षयतृतीयेला चार दिवस पाठवतो, मीच आणून सोडतो.

जागेश्वरनं घर सारवलं. मागाच्या खड्ड्यावर फळी टाकली, त्यावर चटई. नवा माठ आणला. शेजारणीला पाटोडीचा रस्सा करायला सांगितला, कारण तो रुख्मिणीचा जीव की प्राण. त्या दिवशी मोटार घेऊन कुहीला जाताना तो गाडीच्या दारात उभा राहून शीळ घालत होता. रुपरावनं त्याला आजवर शीळ घालताना पाहिलं नव्हतं.

दुपारी रुख्मिणी हिरव्या लुगड्यात आली, गाठोडं घेऊन. मागं ईश्वरदास छत्री घेऊन. लग्नसराईचे दिवस, मोटार खच्चून भरलेली, टपावर भांडी आणि दोन पलंग. ईश्वरदास आत जागा धरायला गेले तेवढ्यात रुख्मिणीनं बादली रेडिएटरमध्ये रिकामी केली आणि डाव्या चाकाशी आली. जागेश्वर म्हणाला, "आज कायले वं? आज तं तू नागपूरलेच चालली."

"असू द्या ना. सवय झाली."

त्यानं टोपी काढली. सूं आवाज झाला, तिनं तळहात धरला, दोघं हसली. मग भोंगा वाजला.

उमरेडचा मोठा रस्ता अजून यायचा होता. मुरमाचा रस्ता, उन्हाची भट्टी. नाल्याच्या आधीच्या वळणावर बंदुकीसारखा बार झाला, मोटार डावीकडे भेलकांडली, रस्ता सोडून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चढली आणि कलती होऊन थांबली. टपावरचे पलंग शेतात जाऊन पडले. आत एकच कालवा. नशीब थोर म्हणून जीव कुणाचा गेला नाही. रुपरावचा हात स्टिअरिंगच्या चक्रात अडकून मोडला. ईश्वरदासांच्या कपाळाला खोक पडली आणि रक्त पांढऱ्या मिशांवर आलं. रुख्मिणीला खरचटलंही नव्हतं. ती उतरून आधी बापाकडे धावली, मग सासऱ्याकडे वळली.

डावं चाक कडेनं पार फाटलं होतं. आतली ट्यूब चिंध्या होऊन लोंबत होती. हात धरून बसलेल्या रुपरावनं विचारलं, "सकाळी भरली होती ना गा हवा? मंग?"

रुख्मिणी पुढं झाली. तिचे ओठ हलले. ती काय बोलणार ते जागेश्वरला कळलं, आणि ती बोलायच्या आत तो बोलला. "मी काढली. कुहीले. कडक वाटली म्हणून मी काढली."

ईश्वरदासांनी उपरण्यानं कपाळ दाबलं. ते ओरडले नाहीत; ओरडले असते तर बरं झालं असतं. "लेक ज्या गाडीत बसते, तिचीच हवा काढली," ते म्हणाले. "असं माहेर आमच्या सुनेले नाई पाह्यजे."

शेतातून बैलगाडी मिळाली. ईश्वरदास रुख्मिणीला घेऊन कुहीला परत गेले. हिरव्या लुगड्यातली लेक गाडीत पाठमोरी बसलेली नव्हती, मागं तोंड करून बसली होती, म्हणून जागेश्वरला तिचं तोंड वळणापर्यंत दिसत राहिलं. अर्ध्या वाटेवरून परत. घरी पाटोडीचा रस्सा तसाच होता. शेजारणीनं विचारलं, पाहुणी कुठं? तो फळीवरच्या चटईवर बसला आणि रडला.

चूक कुठं झाली ते ताराचंद मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. रागावून नाही, फाटलेलं टायर मांडीवर घेऊन. "अरे बाप्पा, गरम चाक कडक होतेच. आतली हवा फुगते ना. थंडं झालं का आपोआप जागेवर येते. तू गरमीत काढली, म्हणजे मूळची हवाच कमी केली. अन् कमी हवेचं चाक बसते, घासते, अजून तापते. वरून इतका बोजा. अजून तापलं का फाटते." त्यानं टायरच्या आतली करपलेली कड दाखवली. जागेश्वरनं तिच्यावरून बोट फिरवलं. सूत कडक झालं की सैल करायचं. रबर कडक झालं की वाट पाहायची. एवढाच फरक, आणि तो बोटाला कळणारा नव्हता. त्याला मीटरच लागतं, आणि सकाळच लागते.

बाबूलाल शेठनं त्याला काढलं नाही. गाडीवरून उतरवलं आणि अड्ड्यावर हवेला लावलं. खरं तर शेठनं त्याला जोड्यानं मारलं असतं तरी चाललं असतं, फक्त कुहीच्या गाडीवर ठेवायला हवं होतं. पण असं म्हणायचं कोणत्या तोंडानं?

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जागेश्वर तसा झाला. पहिल्याच आठवड्यात शेठच्या दारात जाऊन बसला, मीटर कपाटातून बाहेर काढवून घेतलं आणि गळ्यात दोरीनं अडकवलं. रोज सकाळी प्रत्येक गाडी, प्रत्येक चाक, स्टेपनीसुद्धा. दुपारी वाटेत कुणी वाल्वला हात लावला असं कळलं तर त्या क्लीनरची धडगत नसे. त्यानंतर बाबूलाल शेठच्या मोटारीचं चाक हवेपायी फाटलं नाही. लोक म्हणायचे, हा माणूस हवेच्या मागं वेडा झाला आहे. वेडा तर तो झालाच होता.

कुहीला तो गेला नाही. व्याह्यानं बोलावल्याशिवाय कसं जायचं? आणि गेलाच असता तर लोकांनी रुख्मिणीकडे पाहून म्हटलं असतं, हाच तो बाप. तो रोज सकाळी कुहीच्या गाडीच्या डाव्या चाकात हवा भरायचा, आणि मनात हिशेब चालायचा. आता नाला आला असेल. आता कडुलिंब. आता भोंगा. आपली हवा रोज तिच्या दारापर्यंत जाते, तिच्यासमोर तासभर उभी राहते आणि तशीच परत येते. टोपी काढायची नाही, हा नियम त्यानंच तर केला होता.

रुपरावचा हात जुळला, तो पुन्हा गाडीवर आला. संध्याकाळी तो न विचारता सांगायचा, "आली होती. पाणी टाकलं." पाणी ती नव्या क्लीनरला टाकू देत नसे. मग गाडी गार झाली की जागेश्वर रेडिएटरची टोपी उघडून आत पाहायचा. गंजानं लालसर झालेलं पाणी. ते पिण्यासारखं नव्हतं, आणि प्यायची रीतही नव्हती. तो नुसता बोट बुडवायचा. कोमट असायचं.

अशी वर्षं गेली. किती ते त्यानं मोजलं नाही, मोजून कमी होणार होती का? नागपूर राजधानी राहिलं नाही, मोटारी पेट्रोलच्या डिझेलच्या झाल्या, रुपरावच्या मिशा पिकल्या. आणि शेठनं कुहीला मुक्कामी गाडी सुरू केली. संध्याकाळी जायची, रात्रभर कडुलिंबाखाली उभी राहायची, सकाळी परतायची.

ते ऐकल्यावर जागेश्वरनं टायर पुसायचं फडकं खाली ठेवलं. रात्रभर उभी राहायची. म्हणजे सकाळी गाडी थंड असणार.

त्या संध्याकाळी त्यानं डाव्या चाकात मीटर पाहून दोन पौंड हवा जास्त भरली, आणि मीटर गळ्यातून काढून रुपरावच्या हातात दिलं. आजवर ते त्यानं कुणाला दिलं नव्हतं. "सकाळी ऊन पडाच्या आंधी मीटर लावजो. दोन पौंड जास्त निघन. तेवढीच काढजो, वाल्वपाशी हळू दाबून. जास्त नाई, कमी नाई. अन्..." इथं त्यानं पंप उचलून बाजूला ठेवला. "ती विहिरीवर आली असन तं तिले बोलावजो."

रुपराव कधी काही विसरणारा माणूस नव्हता. त्यानं मीटर शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सदरला उतरल्यावर मीटर परत देत त्यानं सांगितलं, "हात धरला तिनं. मंग गाल. मी मीटर लावलं, बरोबर नेमावर होतं."

तेव्हापासून रोज दोन पौंड. पावसाळ्यात, थंडीत, सणावाराला. थंडीत तर पहाटेची ती धार बर्फासारखी लागत असणार, तरी तिनं हात मागं घेतला नाही, असं रुपराव सांगायचा. काही दिवस ती विहिरीवर दिसायची नाही, मग रुपराव हवा काढून टाकायचा आणि इथं येऊन म्हणायचा, "आज नाई आली." त्या दिवशी जागेश्वरला जेवण जायचं नाही. एकदा तर ती पुष्कळ दिवस आली नाही. चार-पाच महिने तरी. रुपरावनं गावात विचारलं तर बाया नुसत्या हसल्या, सांगितलं काही नाही. जागेश्वरचं 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं झालं. तरी दोन पौंड जातच होते.

मग एका सकाळी गाडी अड्ड्यात शिरली आणि रुपराव उतरला तो हातात छागल घेऊन. तीच जुनी, दोन ठिकाणी ठिगळं लावलेली. अपघाताच्या दिवशी ती रुख्मिणीच्या गाठोड्याबरोबर बैलगाडीत गेली होती. आता ती तट्ट भरलेली होती, बाहेरून ओली.

"तिनं धाडली," रुपराव म्हणाला. "पाणी आहे. कुहीचं. म्हणाली, बाबाजीले सांगा, आता प्याले हरकत नाई."

जागेश्वरला आधी काही कळलं नाही. तो छागलीकडे पाहत राहिला. आता प्यायला हरकत नाही. म्हणजे काय? आणि मग कळलं. तो होता तिथं, मोटारीच्या चाकाला टेकून खाली बसला.

"पोट्टी झाली गा," रुपराव म्हणाला. "तुह्या ईश्वरदासानंच मले हाक मारून सांगतलं. म्हणे, व्याह्याले घेऊन या बारशाले. सकाळी तुमची गाडी अन् सुनेचा हात मी रोज पाहत होतो, म्हणे. म्हणे, किती दिवस रागावाव माणसानं?"

जागेश्वरनं छागलीचं तोंड सोडलं. लेकीच्या सासरचं पाणी. तो ते घोटाघोटानं प्यायला, मध्ये थांबून, तोंडात धरून. गोड होतं की मचूळ, त्याला सांगता आलं नसतं. गळ्यावरून वाहून सदरा भिजला. अड्ड्यावरचे ड्रायव्हर येऊन उभे राहिले होते आणि आज सकाळी कुणालाही हवा मिळालेली नव्हती, पण कुणी घाई केली नाही.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी तो धुतलेलं धोतर नेसून आला, काखेत गाठोडं, गाठोड्यात त्यानं जुन्या मागावर बसून विणलेलं हातभर रुंदीचं दुपटं. काठात चूक नव्हती. मुक्कामी गाडी उभी होती. तो उकिडवा बसला आणि डाव्या चाकाला मीटर लावून पंप मारू लागला. दोन पौंड जास्त झाले तसा थांबला.

रुपराव खिडकीतून म्हणाला, "आज तरी चार भर ना गा. आता दोन हात आहेत तिथं."

"नियम तो नियम," जागेश्वर म्हणाला आणि टोपी घट्ट बसवली. "दोनच. मायलेकी वाटून घेतीन."